ढोमसे हवालदाराचा चार्ज

घराबाहेर पडताना मी आजही मोठ्यानं म्हणते, "गॅस बंद. मागची खिडकी बंद. चावी हातात." समोरच्या नव्या बिऱ्हाडाला वाटतं, म्हातारपणी बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. वाटू दे बापडं. ही सवय मला दत्तू ढोमसेनं लावली. नाशिक रोड स्टेशनच्या तिकीट खिडकीमागे बसून साऱ्या जगावर खेकसत मी नोकरी काढली. मला कुणी नवी सवय लावील, असं पूर्वी कुणी म्हणालं असतं, तर "सुट्टे द्या आणि पुढे व्हा" म्हणून मी त्याला वाटेला लावला असता.

ढोमसे तोफखान्यात हवालदार. मूळचा निफाडकडचा. घरची द्राक्षबाग भावाकडे, आणि हा इथं आमच्या कॉलनीत, माझ्या समोरच्या दोन खोल्यांत भाड्यानं. सोबत एक मुलगी, ईश्वरी. तेव्हा ती तिसरीत होती. क्वार्टर मिळेपर्यंतची सोय म्हणून आला होता. पुढं क्वार्टर मिळायची वेळ आली तेव्हा यानंच नको म्हटलं. "तिथं शेजारी सारखे बदलत्यात ताई. तुम्ही कुठं बदलू राहिल्या?" हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहिल्यांदा माझ्या दारात उभा राहिला तो अंगावर कडक इस्त्रीचा गणवेश, पायात आरशासारखे बूट आणि हाताला धरलेली ही चिमुरडी. कॉलनीत येऊन त्याला जेमतेम आठवडा झाला असेल.

"ताई, दोन दिवस फायरिंगला जायचंय. चार्ज द्यायचाय."

"कसला चार्ज?"

"पोरीचा."

मी म्हटलं, अहो, पोरगी ठेवून जायची तर ठेवून जा, शेजारधर्म आहे. पण तो हलेना. मग त्यानं मला समजावून सांगितलं. फौजेत एकाची ड्यूटी संपली आणि दुसऱ्याची सुरू झाली की हातातली वस्तू नुसती टाकून जायची नसते. समोरासमोर उभं राहून काय आहे, कसं आहे, कुठं काय बिघडलंय, ते तोंडानं सांगायचं. घेणाऱ्यानं ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. तोफ असो, दुर्बीण असो नाहीतर पाण्याची टाकी असो. त्याला हँडिंग-टेकिंग म्हणतात. ते झाल्याशिवाय जो गेला, तो पळाला, असा हिशेब.

"एक पोरगी," तो सावधान उभा राहून म्हणाला. "वय आठ. नाव ईश्वरी. डाव्या गुडघ्याला जुनी खूण. दुधी खात नाय. पालीला भिते. झोपताना कानाची पाळी धरून झोपते, आपली नाय, दुसऱ्याची."

"बरं," मी म्हटलं.

"बरं नाय ताई. म्हणून दाखवा."

काय सांगू, माझ्या वयाची बाई, दारात उभी राहून शाळेतल्या पोरीसारखी म्हणायला लागले, एक पोरगी, वय आठ. दुधीवर अडखळले तर ईश्वरीनंच खालून आठवण करून दिली. सगळं झाल्यावर त्यानं मान डोलावली, "चार्ज दिला" म्हणाला, मला "चार्ज घेतला" म्हणायला लावलं, आणि वळून जो जिना उतरला, तो सरळ. पोरीकडे एकदाही मागं वळून बघितलं नाही. मला रागच आला. केवढीशी ती पोर, आई नाही तिला, आणि हा दगड खुशाल चालला.

संध्याकाळी पोरीला विचारलं तर ती म्हणाली, "वळून बघायचं नसतं. वळून बघितलं म्हणजे घेणाऱ्यावर भरवसा नाय." तरी एक गोष्ट माझ्या पुढं पुढं लक्षात यायला लागली. एरवी एका किकमध्ये सुरू होणारी त्याची मोटारसायकल पोरगी माझ्याकडे सोडून जायच्या दिवशी हटकून सुरू व्हायची नाही. खाली, आमच्या गॅलरीकडे पाठ करून, तो किकवर किक मारत राहायचा. आणि गॅलरीतून ईश्वरी त्याच्याशी काहीबाही बोलत राहायची. पाठ ऐकत असायची.

तिची आई काविळीनं गेली. हा तेव्हा वर बर्फात होता. निरोप पोचून खाली येईपर्यंत सगळं उरकलं होतं. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही माझ्या नळाचा वायसर बदलता बदलता, आणि नळ बंद झाल्यावर विषयही बंद झाला. भावजय पोरीला सांभाळायला तयार होती. बरी बाई आहे ती, मी भेटले आहे. पण ढोमसेचं म्हणणं एकच. "भावाकडं ठेवली तर खाऊनपिऊन सुखी राहील ताई. पण मग ती माझी राहणार नाय." घरच्या अडचणीमुळं त्याला नाशिकला बदली मिळाली होती. मग नव्या भरतीचे रंगरूट शिकवायचं काम मिळालं, आणि मुक्काम लांबत गेला.

दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा उलटी तपासणी झाली. मी म्हणायचं आणि त्यानं पडताळून घ्यायचं. नखं कापलेली. केस धुतलेले. गुडघा जसाच्या तसा. मग पोरगी हसली आणि याचा चेहराच पालटला.

"ताई, दात?"

"पडला काल. दुधाचा होता, हलतच होता."

"ते ठीक. पण दात कुठंय?"

"कुठं म्हणजे? छपरावर टाकला. टाकतात तसा."

चार्जमधली वस्तू मोडली तर मोडलेली दाखवायची, पण 'टाकली' हा शब्द त्याच्या नोकरीत नव्हताच. गणवेश न बदलता गडी शेजारच्या गॅरेजच्या पत्र्यावर चढला. गॅरेजवाला ओरडतोय, पोरगी टाळ्या पिटतेय, आणि हा बाबा पत्र्यावर गुडघे टेकून दात शोधतोय! मिळाला नाही, मिळणार कुठून. खाली उतरून, हात झटकत म्हणाला, "ठीक हाय. ड्यूटीवर असताना गेला, असं समजू." पण पुढे कित्येक महिने परत आला की चार्ज घेताना पहिल्यांदा पोरीला "आ कर" म्हणायचा. ईश्वरी मुद्दाम तोंड घट्ट मिटून पळायची, आणि मग घरभर पकडापकडी.

त्याचा डावा कान गेलेला होता. तोफेनं घेतला, म्हणायचा, जसं काही उसना दिलाय. त्यामुळे बोलायचा तो चारी मजल्यांना ऐकू जाईल असं. घरात बापलेकीचं जे काही चालायचं ते कॉलनीला पाठ. "टिफिन!" "टिफिन घेतला!" "पाण्याची बाटली!" "बाटली घेतली!" "कंपास!" "कंपास... थांबा!" ईश्वरी कायम त्याच्या उजव्या हाताला चालायची. रस्ता ओलांडताना बाजू बदलली तर पळत जाऊन पुन्हा उजवीकडे. तिला कुणी हे शिकवलं नव्हतं.

स्वयंपाक त्याला यायचा, पण तो फौजेच्या लंगरमध्ये, शेकड्यांच्या जेवणावर शिकलेला. माप म्हणून नाही. पहिल्या रविवारी पोहे केले ते अख्ख्या जिन्याला पुरले, आणि उरलेले संध्याकाळी गायीला. हळूहळू दोघांपुरतं शिजवायला शिकला. पण मनात काही खुपत असलं की हात सैल सुटायचा. त्याच्या घरातून मोठं पातेलं आलं की मी ओळखायचे, आज काहीतरी बिनसलंय.

आणि वेळ! शाळेच्या स्नेहसंमेलनाचा किस्सा तर मी मरेपर्यंत विसरायची नाही. ईश्वरी द्राक्षाचा घड होणार होती. ढोमसेनं रात्री बसून हिरवे फुगे फुगवले, तिच्या फ्रॉकला शिवले, डोक्यावर पुठ्ठ्याचं पान. बाईंनी सात वाजता बोलावलं होतं. आता फौजेत म्हणे असं असतं, की मोठ्या साहेबानं सात सांगितले तर त्याच्या खालचा पावणेसात सांगतो, त्याच्या खालचा साडेसहा, आणि असं उतरत उतरत शिपाई बिचारा अंधारातच हजर. आमच्या या गड्यानं सगळ्या हुद्द्यांची कपात एकट्यानंच केली. शाळेचं फाटक बंद, कुत्री झोपलेली, आणि पायरीवर हे दोघं. वॉचमन जागा होऊन बघतो तर समोर मिश्या आणि मिश्यांच्या शेजारी द्राक्षाचा घड. त्यानं आधी देवाचं नाव घेतलं, मग फाटक उघडलं. खरा कार्यक्रम सुरू होईपर्यंत निम्मे फुगे फुटले होते. घडाची देठं तेवढी स्टेजवर गेली. ईश्वरी रडली नाही. माइकवर ठणकावून म्हणाली, "मी द्राक्ष आहे. अवकाळीनं नुकसान झालंय." टाळ्या तिलाच पडल्या. बाप मागच्या भिंतीपाशी उभा राहून डोळे पुसत होता, आणि मी विचारलं तर म्हणाला, धूळ हाय.

एवढ्या वर्षांत मी त्याला कामावर असताना एकदाच पाहिलं. रंगरूट तयार झाले की शपथ घेतात, कसम परेड म्हणतात तिला, आणि तेव्हा पोरांच्या घरचे लोक बघायला येतात. ढोमसेनं मला आणि ईश्वरीला नेलं. मैदानावर तो आमच्याकडे बघायलाही तयार नव्हता. त्याच्या हाताखालची पोरं अशी पावलं टाकत होती की मला, जिला फौजेतलं ओ की ठो कळत नाही, तिलाही अंगावर काटा आला. परेड सुटल्यावर नऊवारीतली एक बाई, पेठ तालुक्याकडची असावी, पोराला शोधत आमच्या बाजूला आली. पोराला शिकवणारा उस्ताद कोण म्हणून विचारलं आणि एकदम ढोमसेच्या पायाशी वाकायला लागली. तो तीन पावलं मागं सरकला. मग सावधान झाला, त्या पोराला दंडाला धरून तिच्यासमोर उभा केला, आणि म्हणाला, "आई, एक पोरगा. आला तेव्हा रडायचा, आता रडत नाय. पोहता येतं. दोन वेळ पोटभर जेवतो. उजव्या टाचेला फोड हाय, तो बरा होईल. म्हणून दाखवा."

त्या माउलीला काय कळलं कोण जाणे, पण ती म्हणायला लागली. शब्दाशब्दाला पोराच्या तोंडावरून हात फिरवत होती. मी ढोमसेकडे पाहिलं. एवढा सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. खिडकीमागे बसून मी लाखो लोकांना त्यांच्या गावी पाठवलं असेल, पण माझ्या तोंडावर ते सुख कधी आलं नाही, हे मला तिथं उन्हात उभं असताना लख्ख कळलं.

पुढं एकदा कॉलेजातली एक मुलगी आमच्या कॉलनीत आली. फौजेत असून एकट्यानं मूल वाढवणारी माणसं नोकरीत समाधानी असतात का, असा तिचा अभ्यासाचा विषय. गोड मुलगी होती. ढोमसेनं तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि उजवा कान पुढं केला.

"काका, तुम्ही नोकरीत समाधानी आहात का? पूर्ण, थोडेफार, की नाही?"

यानं मिशी चोळली. "बघा, फायरिंग रेंजवर असलो की पोरीसाठी जीव तुटतो. घरी बसलो की तोफेसाठी तुटतो."

"म्हणजे समाधानी नाही?"

"असं कुठं म्हणू राहिलो? दोन्हीकडं तुटतो म्हणजे दोन्हीकडं जीव हाय ना. आता तुमच्या तिन्हीत ते कुठं बसतं, ते तुम्ही बघा."

मुलगी हसली. म्हणाली, काका, बसत नाही, पण मी लिहून घेते. आतून ईश्वरी ओरडली, "ताई, 'पूर्ण' लिहा! झोपेत पण ऑर्डर देतात ते!"

ईश्वरी आठवीत गेली त्या वर्षी, एका मंगळवारी, माझ्या घरी खिचडीचं पातेलं आलं. वीस माणसांना पुरेल एवढं. मी पातेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, "बोल दत्तू. काय झालंय?"

तो बसला नाही. त्याची नाशिकची मुदत संपली होती. पलटण सीमेवर चालली होती, तिथं कुटुंब नेता येत नाही. आणि त्याचवेळी बढतीची पाळी आली होती. नायब सुभेदार. खांद्यावर तारा, आणि लोक 'साहेब' म्हणणार. शेतकऱ्याचा पोरगा शिपाई म्हणून भरती होतो तेव्हापासून याच एका शब्दाकडे डोळे लावून असतो. तारा घ्यायचा तर पलटणीबरोबर जायला हवं.

"मी अनविलिंग देऊ राहिलो ताई. म्हणजे बढती नको म्हणून सांगायचं. मग पेन्शन."

"आणि करशील काय?"

"निफाडला द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजवर वॉचमन लागतो."

"वॉचमन? तू?" माझा आवाज चढला. "त्या पोरांच्या आयांना कोण देणार मग त्यांची पोरं परत?"

"माझीच पोरगी कुणाच्या हवाली करू, ते सांगा ना," तो म्हणाला. "दोन-तीन दिवस वेगळं. हे दोन-अडीच वर्षांचं हाय. तुम्ही तर पुण्याला निघाल्या."

खरं होतं ते. माझी निवृत्ती तोंडावर आली होती. पुण्याला बहिणीच्या शेजारी घर बघून ठेवलं होतं, सगळ्या कॉलनीला सांगून झालं होतं. मी पातेल्यावर झाकण ठेवलं. त्याच्या मागं दारात ईश्वरी उभी होती, हे आम्हा दोघांनाही तो वळेपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीनं काहीतरी नवीनच ऐकलं.

"टिफिन!"

काही नाही.

"पाण्याची बाटली!"

काही नाही.

त्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऑर्डरला उत्तर आलं नाही. पोरगी टिफिन घेऊन, बाटली घेऊन, मुकाट्यानं जिना उतरून गेली. दुसरा दिवस तसाच, तिसराही. खालच्या मजल्यावरचे आजोबा मला विचारायला आले, हवालदाराचं बरं आहे ना? ढोमसे ओरडायचा, थांबायचा, कान पुढं करायचा. त्याला वाटायचं, आपल्यालाच ऐकू आलं नाही. एका सकाळी तर त्यानं तिन्ही गोष्टी स्वतःच विचारल्या आणि स्वतःच हळू आवाजात उत्तरं दिली. मला ते ऐकवेना. मी मिक्सर लावला.

शेवटी शनिवारी ती बोलली. मोठ्यानं. दोन बंद दारांतून मला ऐकू आलं. "तुम्ही साहेब झाले नाय ते माझ्यामुळं, असं लोक म्हणतील! मला नको ते! माझ्या नावावर हे टाकू नका, पापा!" तो काय म्हणाला ते कळलं नाही. पोरीशी तो पहिल्यांदाच हळू बोलला.

थोड्या वेळानं माझी बेल वाजली. दारात ईश्वरी. अंगावर शाळेचा गणवेश, शनिवारची शाळा सुटून गेलेली असताना. वेण्या नीट, टाचा जुळलेल्या.

"आत्या, चार्ज द्यायचाय." तिचा बाप मला ताई म्हणायचा, म्हणून तिनं मला पहिल्या आठवड्यातच आत्या करून टाकलं होतं.

"कुणाचा गं?"

"माझा."

ती पुढं बोलायला लागली, तोंड सरळ, नजर माझ्या डोक्यावरच्या चौकटीकडे.

"एक पोरगी. वय तेरा. दुधी आता खाते, पण तोंड वाकडं करते. गणितात कच्ची. पालीला भीत नाय. रागावली की दार लावून घेते, तेव्हा दार वाजवायचं नाय, उपमा करायचा, वासानं बाहेर येते. सायकल चालवते, पण सिग्नल पाळते. पापांची आठवण आली की रडते. त्याला उपाय नाय, रडू द्यायचं." तिनं टाचा पुन्हा जुळवल्या. "म्हणून दाखव."

मी म्हणायला लागले. दुधी म्हटला, गणित म्हटलं, उपमा म्हटला. शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले. ती वाट बघत उभी राहिली. तिनं आठवण करून दिली नाही, कारण मी विसरले नव्हते हे तिला माहीत होतं. मी नाक पुसलं आणि म्हटलं. सगळं म्हटलं.

"चार्ज दिला," ती म्हणाली.

"घेतला गं बाई, घेतला," मी म्हणाले आणि तिला पोटाशी धरली.

समोरच्या दारात ढोमसे उभा होता. बनियनवर, हातात एक बूट. "ताई," तो म्हणाला, "अन् पुणं?"

"पुणं कुठं पळून चाललंय? पेशव्यांच्या आधीपासून तिथंच आहे. अडीच वर्षांनीही तिथंच असेल. आणि बहीण माझी आहे, तिला मी काय सांगायचं ते सांगते. तू तुझा तारा घे आणि निघ!" मी इतकी खेकसले की त्यानं सवयीनं म्हणून दाखवलं, "तारा घेतो आणि निघतो." बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. बूट खाली ठेवून तो तिथंच उंबऱ्यावर बसला, आणि या वेळी धुळीचं नावसुद्धा घेतलं नाही.

तो गेला त्या दुपारी आम्ही दोघी नाशिक रोडला पोचवायला गेलो. फलाटावर सगळे माझ्या ओळखीचे, त्यामुळे चहा फुकट मिळाला. जम्मूकडची गाडी आली. डब्यात त्याच्याच पलटणीतला एक सरदारजी होता, कोर्स करून परत निघालेला, भरदार दाढीचा हवालदार. ढोमसेनं सामान लावलं, खाली उतरला, आमच्यासमोर उभा राहिला. तो तोंड उघडणार एवढ्यात ईश्वरी त्याला ओलांडून डब्याच्या दाराशी गेली आणि सरदारजीसमोर टाचा जुळवून उभी राहिली.

"अंकल, चार्ज देना है."

सरदारजीनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग ढोमसेकडे. मग तो माणूस खरोखर सावधान झाला.

"एक पापा," ती म्हणाली. "बायाँ कान खराब है, दाहिनी तरफ बैठना. चाय में तीन चम्मच चीनी माँगेंगे, एक ही देना. टेन्शन में खाना ज़्यादा पकाते हैं, तो पूछना क्या हुआ. रोते हैं तो बोलते हैं धूल है. धूल नहीं होती."

डब्यातली माणसं ऐकायला थांबली होती. सरदारजीनं एकही शब्द न चुकवता सगळं म्हणून दाखवलं. "धूल नहीं होती"पर्यंत. वर म्हणाला, "चार्ज लिया, बेटा."

ढोमसे तोवर बुटाच्या टोकाकडे बघत होता. मग त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, मला नमस्कार केला, म्हणाला, "ताई, तुम्हाला सांगायचं काही उरलंच नाय." आणि डब्यात चढला. दारात उभा राहिला तो आमच्याकडे पाठ करून. नियम म्हणजे नियम. गाडी हलली. इथं किक मारायला मोटारसायकल नव्हती. नुसती ती इस्त्रीची पाठ दिसत होती, आणि उजवा कान आमच्या बाजूला.

गाडीनं वेग घ्यायच्या आत ईश्वरी चार पावलं पळाली आणि बापाकडून शिकलेल्या त्या आवाजात ओरडली, "पापा! परत आले की मोजून घेईन! एक पण दात कमी चालणार नाय!"

आणि तो वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, चार्ज देऊन झाल्यावर, दत्तू ढोमसे मागं वळला. डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि मिशीखाली तोंड पूर्ण उघडून त्यानं पोरीला सगळे दात दाखवले. सिग्नलपाशी गाडी वळेपर्यंत तो तसाच 'आ' करून उभा होता.

ईश्वरी माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. "बत्तीस," ती म्हणाली. "म्हणून दाखव, आत्या."

"बत्तीस," मी म्हणाले, आणि आम्ही घरी आलो.